माघार नको, परत

डिंगोरे गावचा ऋषी २००४ साली पुण्याची नोकरी सोडून घोडेगावात आला, तो जणू मराठीवर उपकार करायलाच. भंवरलाल शेठच्या कापडदुकानाच्या माडीवर त्यानं कॉम्प्युटर मांडला, मदतीला गावातलीच आरती ठेवली आणि शेठच्या दुकानासाठी मराठीत बिलं छापणारा प्रोग्राम लिहायला घेतला. तो शेठना पसंत पडला की बाजारपेठेतली बाकीची दुकानं आपोआप येणार होती. नाही पडला तर माडी खाली करायची होती.

प्रोग्रामची प्रत्येक सुधारलेली प्रत जपून ठेवायची सोयही ऋषीनं स्वतःच केली होती, आणि तिचे हुकूमही मराठीत. 'ठेव' म्हटलं की प्रत ठेवली जाई. पण सुधारणा फसली तर आधीच्या प्रतीवर जायचं कसं? त्यासाठी नवा हुकूम हवा होता आणि त्याचं बारसं काही उरकेना. आधी 'प्रत्यावर्तन' ठरलं. ते टाइप करताना ऋषीचीच बोटं अडखळली.

"'माघार' ठेवा की सर," आरती म्हणाली. "कुनालाबी कळंल."

"शिवनेरीच्या तालुक्यातला गडी मी. माघार घिऊ व्हय? 'परत' ठिवायचं."

"पन परत म्हंजी माघारी का पुन्यांदा?"

"या माडीवर परत म्हंजी माघारी. दुसरा अर्थ न्हाई!"

वर कॉम्प्युटरमधली जागा वाचावी म्हणून त्यानं अशी करामत केली, की 'परत' म्हटलं की नवी प्रत कायमची पुसली जाई. हुशारी नुसती उतू चालली होती.

शेठ प्रोग्राम बघणार त्या दिवशी सकाळी ऋषी डिंगोऱ्यात चुलतभावाच्या लग्नात होता. कानाशी बँड, आणि त्यात आरतीचा फोन.

"सर, बिल छापलं, पन अक्षरं फुटत्यात."

प्रिंटर अधूनमधून असा नखरा करायचा आणि पुन्हा छापलं की ताळ्यावर यायचा. "परत कर!" ऋषी ओरडला.

"नक्की परत?"

"मराठी कळती ना? परत!"

आरतीनं हुकूम दिला आणि बिल छापून पाहिलं. "सर, अजून तेच."

"नीट येईस्तवर परत करत ऱ्हा!" म्हणून त्यानं फोन कापला आणि मिरवणुकीत नाचायला गेला. आरतीला शंका आली होती. पण शंका काढायची नाही, हे तिला याच माडीवर शिकवलं होतं.

दुपारी ऋषी फेट्यासकट माडीवर आला. शेठ येऊन बसलेच होते. बिल छापून बाहेर आलं. अक्षरं अगदी ठसठशीत होती, फक्त 'श्री' एवढीच. प्रोग्रामच्या पहिल्यावहिल्या प्रतीत ऋषीनं तेवढंच लिहिलं होतं.

शेठनी कागद उलटून पाहिला. "आमचं दुकान कुठंय यात?"

"काय केलंस गं?" ऋषी आरतीवर खेकसला.

"परत केलं. नीट येईस्तवर."

"अगं, मी पुन्यांदा छाप म्हनत व्हतो!"

"या माडीवर दुसरा अर्थ न्हाई, तुमीच म्हनलात."

शेठनी कागदाची घडी घालून ऋषीच्या हातात दिली. "ऋषीभाऊ, पुण्याला परत जा."

या वेळी अर्थ एकच होता, आणि तो ऋषीनंच ठरवून दिलेला होता.