आधी तू कोण होतीस?

उमाबाईंना कचरा दिसला की त्यांचा पाय पुढे निघत नाही. औषधाची बाटली, टिकल्यांची रिकामी पाकिटं, तुटकी चप्पल, सगळं पिशवीत जातं. जालना शहरातल्या मस्तगडमधली ही मुलगी लग्न होऊन धावड्याला आली आणि आमच्या अंगणवाडीची सेविका झाली. मी केशरबाई, त्यांची मदतनीस. खिचडी मी शिजवायची आणि त्यांचं भंगारही मीच धुवायचं! भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बाईंची शिकवायची रीत मात्र झकास. पोरांनी भंगारातून काहीतरी बनवायचं. मग बाई त्या वस्तूलाच विचारतात, "तू आधी कोण होतास?" पोरगं तिच्या वतीनं बोलतं, "मी आधी तेलाचा डबा व्हतो. आता बैल झालो." घरी नुसती मान हलवणारी पोरंही इथे गप्प बसत नाहीत.

छकुली तेवढी बोलत नव्हती. दिवाळीत तिची आई तापानं गेली, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. तिची आजी गोपिकाबाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, "मुकी पोर शाळंत घालून काय करू? जूनमधी बापासंग मेंढरांमागं धाडते." बाई हट्टाला पेटल्या. तोवर मी तिला बोलती करते, म्हणाल्या.

एके सकाळी त्यांनी नदीकाठच्या बाभळीवरून हिरवी साडी उचलून आणली. मी सोबत असते तर हातच धरला असता. मेलेल्या बाईचे कपडे आमच्याकडे तिथे टाकतात, कुणी शिवत नाही. मस्तगडच्या माणसाला हे कोण सांगणार? मी येईपर्यंत बाईंनी साडी धुऊन तिच्या चिंध्याही केल्या होत्या.

छकुलीनं ढिगातून नेमकी त्या हिरव्या साडीचीच चिंधी काढली आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीला नेसवली. गोपिकाबाई तिला न्यायला आल्या होत्या. बाईंनी बाहुलीला विचारलं, "तू आधी कोण होतीस?"

"मी आधी छकुलीची माय व्हते."

तो आवाज पाच वर्षांच्या पोरीचा नव्हता. दमलेला होता, तापानं जड झालेला. माझ्या हातातली पळी गळाली. पोर बोलली या आनंदात बाईंनी पुढचं विचारलं, "आणि आता?"

"आता तहान लागून राह्यली. आत्याबाई, पाणी द्या ना."

"असंच मागितल्तं सुनेनं," गोपिकाबाई रडत म्हणाल्या. "मी म्हणलं, उठून घे, नखरे करू नको. सकाळी बघते तर ती गेल्ती."

मग त्यांनी बाटलीत पाणी ओतलं. छकुलीनं झाकण लावलं, बाहुली खिडकीत ठेवली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आजी, घरी चल."

जूनमध्ये छकुली शाळेत गेली. आता मास्तर तिला गप्प बस म्हणून थकतात. बाहुली मात्र आमच्याच खिडकीत आहे. रोज सकाळी बाटली रिकामी असते. उन्हानं आटतं, असं बाई म्हणतात. झाकण घट्ट असतं, मी बघितलंय. गोपिकाबाई तांब्या घेऊन येतात, बाटली भरतात आणि जातात.

काल त्यांना उशीर झाला. पोरं यायची होती, बाई मीटिंगला गेल्या होत्या. मी एकटी पाठमोरी खिचडी ढवळत होते. खिडकीकडून आवाज आला.

"मावशी, आत्याबाई न्हाई आल्या का अजून?"

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण 'उठून घे' म्हणायची माझी छाती झाली नाही. मी तांब्या भरला.