खळमामांनी दाखला बांधून काढला

पासपोर्टसाठी तुम्हाला किती हेलपाटे पडले होते? एक? दोन? आणि त्या दोन हेलपाट्यांवरून घरी येऊन किती आदळआपट केलीत, तेही सांगा. तुम्ही इथे जन्मलात, संपलं. "मी इथला आहे" हे तुम्हाला कधी कुणाच्या टेबलासमोर उभं राहून शाबीत करावं लागलं नाही. खळमामांना त्यासाठी बावीस वर्षं लागली.

खळमामा आमच्या गल्लीतले बुकबाइंडर. मोरचूद घातलेल्या मैद्याच्या खळीचा वास त्यांच्या अंगाला कायमचा, म्हणून हे नाव. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक लोखंडी प्रेस, पुठ्ठ्यांची चळत, खिळ्यांना लटकवलेल्या दोऱ्याच्या लडी, आणि गिऱ्हाइकाला बसायला जुन्या शब्दकोशांचा ढीग. मी त्यावर पुष्कळ बसले आहे. ज्ञान बोचतं म्हणतात ते खरं.

मी लोकांचे अर्ज भरून देते. सातवीत शाळा सुटली, पण सरकारी कागद मला वकिलापेक्षा बरा वाचता येतो, आणि हे मी वकिलाच्या तोंडावर सांगते. मामांच्या नागरिकत्वाच्या कागदांसाठी अकरा वेळा मी त्यांच्याबरोबर गेले. शपथेच्या दिवशी ते इतक्या मोठ्याने ओरडले की साहेब म्हणाले, "हळू, मी समोरच आहे." दाखला हातात पडला तेव्हा मी बजावलं, "मामा, जिवापलीकडे जपायचा." तिथेच चुकलं. बाइंडरला असं कधी सांगू नये.

आता पासपोर्टची घाई का, ते सांगते. मामांची आक्का पलीकडच्या देशात. आई गेली तेव्हा मामा चार वर्षांचे होते आणि आक्का चौदाची. तिने भावाला वाढवलं, त्यात तिचं लग्न राहून गेलं. आणि आता चौसष्टाव्या वर्षी बाईंचं जमलं! नवरदेव एक निवृत्त घड्याळजी, वय एकाहत्तर. आक्काची अट एकच, "छोट्या आल्याशिवाय मी उभी राहणार नाही." हा छोट्या चोपन्न वर्षांचा. नागरिकत्व मिळेपर्यंत त्याला देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, नाहीतर राहिलेली वर्षं पुन्हा एकपासून मोजली असती. त्यामुळे तारीख दोनदा पुढे गेली. घड्याळजींनी एकदा फोनवर मामांना सांगितलं, "अहो, थांबायची मला सवय आहे. पण माझीच चावी आता संपत आलीय." तिसरी तारीख दोन महिन्यांवर आली, तेव्हा आक्का शांतपणे म्हणाली, "या वेळी नाही जमलं तर राहू दे. नव्हतं म्हणायचं आपल्या नशिबात."

आक्का शांतपणे बोलली, म्हणून मामा घाबरले.

आम्ही पासपोर्ट कचेरीत गेलो. चार नंबरची खिडकी. आत चष्म्याला साखळी लावलेल्या बाई. मामांनी कापडी पिशवीतून हळूच एक वस्तू काढली आणि दोन्ही हातांनी खिडकीत सरकवली. लाल कापडी कोपरे, वर सोनेरी अक्षरांत 'दाखला'.

"हे काय?"

"दाखला, मॅडम."

"हे पुस्तक आहे."

"बांधून काढलाय. शंभर वर्षं जागचा हलणार नाही."

"मला हलवायचाय ना पण. मागची बाजू दाखवा."

मागच्या बाजूला नोंदणी क्रमांक, साहेबांची सही आणि जांभळा शिक्का. आणि मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटलेली, सपाट, एक बुडबुडा नाही. काम सुरेखच होतं, मेल्याचं.

"दुसरी प्रत मागवा. आठ महिने लागतात," बाई म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "आठ महिन्यांत एक लग्न मोडेल, मॅडम! माणूस हाच, कागद हाच, तुमच्याच खात्याने दिलेला..."

"तुम्ही यांच्या कोण?"

"मी... मी अर्ज भरलाय."

"छान भरलाय. आता मागे उभ्या राहा."

दारावरचा शिपाई दोन पावलं पुढे सरकला. मी चार पावलं पुढे जाणार, तेवढ्यात मामांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं आणि खिडकीत वाकून विचारलं, "मागची बाजू दिसली तर चालेल?"

"कागद अखंड हवा, शिक्का वाचता यायला हवा. फाटला किंवा शाई पसरली तर हाही बाद, मग दुसरी प्रत मागताना चौकशी वेगळी." बाईंनी कॅलेंडर बघितलं. "सोमवारपर्यंत अर्ज उघडा ठेवते."

रस्त्यावर आल्यावर मी मामांची पूजा बांधली. जपा म्हटलं, कैद करा म्हटलं नव्हतं! मामा म्हणाले, "ताई, खळ लावलीय, गोंद नाही. जे चिकटवलं ते सोडवता आलंच पाहिजे. नाहीतर तो बाइंडर नाही, गवंडी."

शनिवारी दुपारी काम सुरू झालं. आधी कापडी कोपरे काढले, मग पुठ्ठा. पुठ्ठा म्हणजे कागदाचे थरच, मामा पातळ सुरीने मागच्या बाजूने एकेक थर कोरडाच सोलत गेले. शेवटचा पापुद्रा उरला तेव्हा थांबले. तो पाण्याशिवाय सुटणार नव्हता, आणि जांभळी शाई पाण्याची वैरीण. त्यांनी टीपकागद ओला केला, पिळला, दुसऱ्या कागदात दाबला, गालाला लावून बघितला, पुन्हा दाबला.

"मामा, लवकर."

"ताई, तुमचा श्वाससुद्धा रागीट आहे. जरा तिकडे तोंड करता?"

मी भिंतीकडे तोंड करून शब्दकोशांवर बसले. मोर्चे काढलेत मी, पण इतकं अवघड काम कधी केलं नव्हतं. तेवढ्यात मामांचा फोन वाजला. आक्काच. मीच उचलला.

"छोट्या कुठाय?"

"कामात आहेत."

"कसलं काम?"

"नागरिकत्व सोलतायत."

सगळी हकिगत ऐकून आक्का हसत सुटली. "पहिलीत असताना पाटी फुटेल म्हणून यानं ती उशीत शिवून ठेवली होती. आणि शाळेत गेला हात हलवत!" मग हसू थांबलं. "होईल ना ग?"

"होईल," मी म्हटलं. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती.

एकेक सूतभर कागद सुटत होता. टीपकागद ठेवायचा, वीस मोजायचे, उचलायचा, हाडाच्या पट्टीने पापुद्रा मागे गुंडाळायचा. शिक्क्यापाशी आल्यावर मामांनी टीपकागद लावलाच नाही, नुसता पापुद्र्यावर तोंडाने वाफारा दिला, आरशावर देतात तसा. रविवारी दुपारी मला हाक आली, "वळा आता."

क्रमांक होता. सही होती. शिक्क्याची एक कड जराशी फुलली होती.

सोमवारी चष्मेवाल्या बाईंनी भिंग काढलं. "इथे पुसट झालंय."

मी जीभ दातांत धरली, अक्षरशः. बाईंनी क्रमांक यंत्रात घातला, पडद्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. आणि अर्जावर शिक्का हाणला.

"पुन्हा बांधणार नाही ना?"

मामा क्षणभर थांबले. "नाही."

"विचार का केलात?"

पाच आठवड्यांनी पासपोर्ट आला. मामांनी स्वतःचं नाव बघायच्या आधी मधलं पान उघडलं. "मशीनची शिवण. एक टाका सैल आहे." मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि विमानतळाच्या दारापर्यंत माझ्याच पर्समध्ये ठेवला.

लग्नाच्या दिवशी आक्काचा फोन. "काय ग भांडखोर! आला बरं का छोट्या. पोट सुटलंय, केस गेलेत. मी ओळखलंच नाही, मग रडायला लागला तसा ओळखला."

त्यानंतर मी गल्लीत ज्यांना ज्यांना नवा दाखला मिळाला होता, त्यांच्या घरी जाऊन आले. न्हाव्याने पुठ्ठ्यावर ठेवून प्लास्टिक चढवून घेतलेलं, नर्सबाईंनी काचेच्या चौकटीला डिंकाने चिकटवलेला. प्रेमापायी, सगळं प्रेमापायी. तेव्हा एक काम करा. तुमच्या ओळखीत कुणी नव्यानं नागरिक झालं असेल तर आजच त्यांच्या घरी जा. अभिनंदन नंतर करा. आधी दाखला मागून घ्या, उलटा करा, आणि मागची बाजू दिसतेय का ते बघा.