तळं कुणी नासवलं

अक्काला तळ्यावरून उठवलं त्या दिवसापासून मी त्या माणसावर डूख धरून होते, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात तिच्या बचत गटाने गावतळं मासे पाळायला घेतलं होतं. गटाची अध्यक्ष तीच. एका सकाळी रोहू, कटला पोट वर करून तरंगायला लागले. ज्याच्याकडून मत्स्यबीज घेतलं होतं तो विक्रेता काठावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "इनी तळामा फवारनीना पंप धुया. यास्ना हातमा पानी दिधं का असंच व्हस!" आमच्या बौद्ध घराला पाणी बाटवल्याचा आरोप नवा नव्हता, या वेळी त्याला औषधाचं नाव मिळालं, एवढंच. त्याच आठवड्यात गटाने अक्काला अध्यक्षपदावरून काढलं. ती कुणाशी भांडली नाही. तिचं भांडण मी उचललं.

मी जळगावात एका प्रयोगशाळेत काम करते. केळीच्या रोपात विषाणू आहे का, हे पानाच्या तुकड्यावर पीसीआर करून सांगायचं, हे माझं रोजचं काम. माशांचे रोग माझा विषय नाही, पण पद्धत तीच. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून मेलेले मासे आणले. अंगावर लाल चट्टे बघून मला जंतूचाच संशय आला. मग नशिराबादच्या मैत्रिणीला गिऱ्हाईक बनवून त्या विक्रेत्याच्याच टाकीतली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणवली.

जेलवर प्रत्येक नमुन्याचं एक घर असतं, जंतू असला की त्यात पट्टा चमकतो. जेलवर उजेड टाकला आणि मी चक्क टाळी वाजवली. मेलेल्या माशांच्या घरात जंतूचा पट्टा, बोटुकलीच्या घरातही पट्टा. सापडलास! मग शेवटच्या घराकडे लक्ष गेलं. तिथे आम्ही नुसतं पाणी घालतो आणि ते घर कोरंच राहायला हवं. तिथेही पट्टा होता. म्हणजे माझ्याच हातून जंतूचा अंश कुठेतरी मिसळला होता आणि अख्खी तपासणी कचऱ्यात जमा. रागाच्या भरात हातमोजे न बदलता काम केलं, दुसरं काय! केळीच्या बाबतीत मी निमूट पुन्हा कामाला बसले असते. इथे मी फोटोतलं शेवटचं घर कापून टाकलं, कागद छापला आणि अक्काला फोन करून सगळं सांगितलं, कापलेल्या घरासकट. मला वाटलं, खूश होईल.

"मंग तुन्हामा नि त्यान्हामा काय फरक शे?" अक्का म्हणाली. "त्यानी बी न दखताच सांगं." आणि फोन ठेवून दिला.

त्या क्षणी मला तिचाच राग आला. आपण हिच्यासाठी मरतोय आणि ही आपल्यालाच शिकवते! पण तिचं खरं होतं. कागद फाडला. नवं पाणी, नवे मोजे, नवे नमुने. तपासणी तीनदा केली, पाण्याचं घर तिन्ही वेळा कोरं राहिलं, मासे आणि बोटुकलीच्या घरांत पट्टा आला. मग मासे आणि बोटुकली, दोन्हींतल्या जंतूच्या जनुकाचा क्रम वाचून घेतला. अक्षर न अक्षर सारखा निघाला.

ग्रामसभेत मी तो अहवाल वाचला. मुद्दाम हळू वाचला, कारण बोलावून आणलेला तो विक्रेता बसल्या जागी कसा आक्रसत होता ते मला बघायचं होतं. मजा आली. शेवटी तो सरपंचांकडे बघून म्हणाला, "चूक झाली, माफ करा." मी म्हटलं, माफी इथे नको, अक्काच्या घरी चला. अर्धं गाव मागोमाग आलं.

अक्काने त्याला खुर्ची दिली आणि कुणाही पाहुण्याला देतात तसं ग्लासभर पाणी पुढे केलं. त्याने ग्लास ओठाला लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. पाणी काठोकाठ तसंच होतं. अक्काने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"भाऊ, पाणी संपवा," मी दारात उभी राहून म्हटलं. "मला घाई नाही."