सांध्यांतलं तेल

बुटक्या पियानोचं नाव काढलं की मिस्त्रींच्या कपाळावर आठी चढायची. मोठ्या पियानोतल्या हातोड्या समोरून सरळ बाहेर काढता येतात. या बुटक्यात त्या वाजवायच्या पट्ट्यांच्याही खाली दडवलेल्या. काढायच्या तर जमिनीवर पालथं पडा, पट्ट्यांना हातोड्यांशी जोडणाऱ्या अठ्ठ्याऐंशी तारा सोडवा, एकेक बांधून ठेवा, आणि एक जरी निसटली तरी पुन्हा पहिल्यापासून! "हा बनवणाऱ्याला गुडघे नसणार," मिस्त्री म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांनी सत्तरी गाठली होती.

हा पियानो मात्र त्यांनी टेम्पोतून उतरतानाच ओळखला. मागच्या पायाला त्यांनीच ठोकलेला पितळी पत्रा होता.

"याचं वाटोळं माझ्या धाकट्या भावानं केलंय, बाई," त्यांनी नव्या मालकिणीला सांगितलं. त्या गाणं शिकवायच्या. "हातोड्यांच्या सांध्यांत तेल घातलं गाढवानं. लाकूड तेल पितं, फुगतं, सांधे धरतात. त्याच दिवशी हाकलला त्याला दुकानातून, गिऱ्हाइकांदेखत!"

बाई हसल्या. सगळेच हसायचे. चाळीस वर्षं सांगून सांगून मिस्त्रींनी तो किस्सा गुळगुळीत केला होता. ज्याला हाकलला तो आजही एका कचेरीत लिफ्ट चालवतो, एवढं सांगायचं मात्र दरवेळी राहून जायचं.

तीन दिवस ते प्रत्येक सांध्यातला काळा चिकटा खरवडत होते आणि भावाच्या नावानं बोटं मोडत होते. चौथ्या दिवशी पट्ट्या काढल्या. या धंद्यात दुरुस्ती केली की पहिल्या पट्टीच्या कडेला, आतल्या बाजूनं, पेन्सिलीनं नोंद करतात. मिस्त्रींनी चष्मा पुसला. दोन नोंदी होत्या.

वरची त्यांच्याच अक्षरात होती. 'सांधे कडक. तेल दिले.' त्या तारखेला भाऊ अजून शाळेत होता.

खालची पाच वर्षांनंतरची, भावाची. 'पट्ट्या साफ. सांध्यांत जुनं तेल आहे. दादाला सांगायचं.'

मिस्त्रींनी दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. त्यांना स्वतःची शिसारी आली. घाईत, शिकाऊपणात कधीतरी घातलेलं ते तेल त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. आणि तेव्हा पट्टी काढून बघायची तसदी कोण घेणार? पियानोला शेवटचा हात भावाचा, त्यामुळे दोषी तर समोर आयता उभा होता, तोही मान खाली घालून. पियानोचा तेव्हाचा मालक त्याच संध्याकाळी तो घेऊन गेला होता, कायमचा.

बहिणीकडून नंबर घेऊन त्यांनी फोन लावला.

"मी बोलतोय. दादा."

पलीकडे लिफ्टचं दार खडखडलं. "बोल."

"ते तेल माझं होतं रे."

"माहीत आहे."

"पट्टीवर लिहिलंस, मला सांगायचं म्हणून. मग सांगितलं का नाहीस?" मिस्त्रींचा आवाज चढला. या वयातही त्यांना रागवायला भाऊच सापडला. "मी एवढा बोलत होतो, तेव्हा तोंड का शिवलं होतंस?"

"दुकानात चार माणसं होती, दादा," भाऊ म्हणाला. "त्यांच्यासमोर तुझी चूक कशी काढणार?"