फरारी लिहिलेला माणूस

मामलेदार कचेरीचा निरोप आला की, मागच्या लढाईत गेलेल्या सर्वांनी बिल्ले लावून नंदुरबारला शाळेच्या मैदानावर हजर राहावं. साहेब आभार मानणार आहेत. नवी लढाई सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि भरतीला तरुण पुरत नव्हते. जुन्यांची आठवण आत्ताच का झाली, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

माझा बिल्ला रनाळ्याच्या घरी शेताच्या कागदांच्या पेटीत पडलेला असे. वीस-बावीस वर्षांत मी तो दोनदा लावला असेल. टाकून द्यावा असंही कधी वाटलं नाही. मी बंदूक धरलेली नाही. इराकात बसऱ्याला मजुरांच्या पलटणीत दोन वर्षं चार महिने कारकून होतो. रोज सकाळी दोनशे बारा माणसांची हजेरी घ्यायची आणि तीन रकाने भरायचे: हजर, आजारी, गैरहजर. तिन्हींची बेरीज दोनशे बारा आली की माझं काम झालं. ती कधी चुकली नाही.

मैदानावर दोन रांगा केल्या होत्या. पुढे चांदीच्या बिल्ल्याचे शिपाई, मागे आम्ही मजूर नि कारकून. आमचे बिल्ले तांब्यासारख्या रंगाचे होते. पुढच्या रांगेतला एक म्हातारा हवालदार मागे वळून म्हणाला, "कारकून, तुन्हा बिल्ला घर जाईसन भांडासंगे घासी लेजो. कढई दिखस."

"मन्ही कढई, तुन्हं ताट," मी म्हणालो. "जेवण कोठे शे, ते सांग."

तो हसला. माझ्या शेजारी बसलेला माणूसही हसला, तेव्हा मी त्याला ओळखलं. खापरच्या पलीकडच्या डोंगरातला भिल्ल, आमच्याच पलटणीतला. त्याचा धाकटा भाऊही आमच्यात होता. मोठ्याला नदीवर होड्यांच्या कामाला पाठवलं, धाकटा माझ्या हजेरीत राहिला. लढाई संपल्यावर मोठ्याचा बिल्ला आला, धाकट्याचा आला नाही. कचेरीत विचारलं तर कागदावर 'फरारी' आहे म्हणाले.

"माय आजून त्यानी वाट देखस," तो म्हणाला. त्यांच्यात माणूस गेला की पाड्याबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा करतात. पळालेला म्हणजे जिवंत, आणि जिवंत माणसाचा दगड उभा करत नाहीत. वाटणीत त्याला दोन मोहाची झाडं आली होती. त्या झाडांखालची फुलं आई कुणाला वेचू देत नाही, असं त्याने सांगितलं. मग मला विचारलं, "तू लिखत व्हता ना, दादा. तो कोठे गया?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

माझ्या नोकरीच्या दाखल्यावर जे लिहिलं होतं तेच साहेबांनी वाचलं. या गृहस्थांच्या हजेरीत दोन वर्षांत एकही चूक सापडली नाही, सरकार त्यांचे आभारी आहे. मामलेदारांनी मराठीत सांगितलं. टाळ्या झाल्या. मैदानाच्या कडेला मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या तिखट वासाने साहेबांना खोकला आला, म्हणून दोन शब्द बोलायची पाळी माझ्यावर आली नाही. मी मंचावरून खाली उतरलो. माझ्या शेजारचा तो अजून टाळ्या वाजवत होता.

त्याला लिंबाखाली नेलं आणि सांगितलं. त्याचा भाऊ एका रात्री तापाने फणफणला. कुणीतरी त्याला दवाखान्याच्या तंबूत नेलं. तिथून चिठ्ठी यायला हवी होती, ती आली नाही. चिठ्ठीशिवाय 'आजारी' लिहायचं नाही असा नियम होता, म्हणून मी 'गैरहजर' लिहिलं. ठरलेले दिवस भरल्यावर त्याच रकान्यात नावापुढे 'फरारी' लिहिलं. त्या दिवशीही बेरीज बरोबर आली. तीन महिन्यांनी दवाखान्यात कामाला गेलो, तेव्हा पुरलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आणि नंबर पाहिला. वरच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कागद वर गेले, आता राहू द्या. मी राहू दिलं.

"म्हंजे तो मरी गया," तो म्हणाला.

"हो."

"कितला दिनपासून माहीत शे तुले?"

चोवीस वर्षं, असं मी सांगितलं. रनाळ्याहून त्याच्या पाड्याला जायला दोन दिवस लागतात. कुणी विचारायच्या आधी ते मीच मनात मोजलं होतं, पुष्कळ वेळा.

मी बिल्ला काढला आणि दगडाखाली ठेव म्हणून पुढे केला. त्याने उलटून पाहिला नि परत दिला. "तुन्हा शे हाऊ. तो काय करी यान्हं? तू चाल. मायले तू सांग."

तिसऱ्या दिवशी आम्ही पाड्यावर पोचलो. आई अगदी वाकलेली, डोळ्यांनी कमी दिसणारी. मला भिली येत नाही. मी माझ्या बोलीत सगळं सांगितलं: ताप, चिठ्ठी, नियम, यादी, आणि लिहिणारा मीच होतो हे. नंतर कळूनही गप्प बसलो, हेही सांगितलं. मोठ्या मुलाने ते तिला तिच्या बोलीत सांगितलं. माझं बोलणं लांबलं होतं. त्याचं चार-पाच शब्दांत आटोपलं.

ती रडली नाही. उठली, चुलीपाशी गेली आणि माझ्यासाठी भाकर थापायला बसली. मधेच माझ्याकडे पाहून काही म्हणाली.

"काय म्हणे?" मी विचारलं.

"तू इतका लांब उना, बरं करं म्हणस," तो म्हणाला. "तुन्हं भलं व्हवो म्हणस."

मी त्याला विचारलं, तू तिला सगळं सांगितलंस का? तो म्हणाला, "मरी गया ते सांगं. तिले तेच पाहिजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी दगड उभा करायचा होता. तो ओढायला माणूस कमी पडत होता, म्हणून मी थांबलो.