पांढऱ्या झग्यातली ताई

आमची ताई दात घासतानाही बोलते. तोंडात फेस असतो, त्यातून काहीतरी बुडबुडतं, आपण "काय?" म्हणालो की ती सगळं पुन्हा पहिल्यापासून फेसासकट सांगते. फोन चुकून भलतीकडे लागला तर आपण "सॉरी" म्हणून ठेवतो. ताई तसा ठेवत नाही. पाच मिनिटांनी तिला समोरच्या बाईंच्या सुनेचं गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं ते माहीत असतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिला प्राणिसंग्रहालयात इंटर्नशिप मिळाली. तिला वाघ हवा होता. मुलाखत घेतली तिथल्या डॉक्टर मॅडमनी. मॅडमना अख्खं वाक्य बोलायचा कंटाळा असावा, कारण क्रियापद त्या गिळूनच टाकतात.

"वाघ नाही. करकोचा. पिल्लू."

"चालेल मॅडम, मला पक्षी पण खूप आवडतात, म्हणजे लहानपणी आमच्या गॅलरीत ना एक कबुतर यायचं, त्याला एकच—"

"बोलायची सवय?"

"कुणाला, मला? छे हो! म्हणजे थोडीफार, म्हणजे घरचे म्हणतात, पण घरच्यांचं काय—"

"बंद."

काम असं होतं. करकोच्याच्या मादीने एक अंडं टाकून दिलं होतं, ते मशिनात उबवलं. पिल्लू बाहेर आल्यावर ज्याला बघतं, ज्याला ऐकतं, त्यालाच आपलं मानतं. म्हणून त्याला भरवणाऱ्याने डोक्यापासून घोट्यापर्यंत पांढरा झगा घालायचा, तोंडावर जाळी, उजव्या हातात कापडी करकोच्याचं डोकं. त्याच्या चोचीत चिमटा. चिमट्याने अळी उचलायची, पिल्लाला द्यायची. आणि पिल्लाच्या आसपास माणसाचा आवाज म्हणून काढायचा नाही. खोकलासुद्धा नाही.

ताईने हे घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला.

"दिवसभर गप्प? तू?"

"हो."

"आणि हे शिकवायला कॉलेजला इतकी वर्षं का लागली?"

"बाबा, प्लीज हं!"

पण पहिल्या आठवड्यातच ताईची सगळं हसण्यावारी न्यायची सवय गेली, त्याला कारण "साहेब". साहेब म्हणजे तिकीट खिडकीजवळच्या छोट्या पिंजऱ्यातला मोठा करकोचा. त्याला पूर्वी कुणीतरी लाडाने, गप्पा मारत वाढवलं होतं. आता तो बॅगवाल्या माणसांना वाकून नमस्कार करतो, तिकीटवाल्या बाईंसाठी पंख पसरून नाचतो, आणि दुसरा करकोचा समोर आणला तर किंचाळत कोपऱ्यात जातो. लोक हसतात, फोटो काढतात. ताईही पहिल्या दिवशी हसली होती.

"तो तिच्याशी लग्न करायला बघतोय गं," ती मला म्हणाली. "दर वर्षी. त्या तिकीटवाल्या बाईशी. आणि ती बिचारी साडेपाचला खिडकी बंद करून घरी जाते."

पिल्लू नीट वाढलं तर तळ्यावरच्या करकोच्यांच्या जोडीकडे जाणार होतं. त्या जोडीला अंडी होत पण पिल्लं होत नसत. आणि पिल्लू माणसाळलं, तर साहेबाच्या शेजारचा पिंजरा रिकामाच होता.

मग ताई गप्प राहिली. शिंक आली की झग्याची बाही तोंडात कोंबायची. पिल्लाने एकदा जाळीच्या भोकात मान अडकवली, तेव्हा तिने "अगं बाई" ओठातच चावून टाकलं आणि हाताने मान सोडवली. ओठ सुजला. तिच्याबरोबर काम करणारे काका तर इतकी वर्षं हेच करत आलेले, की घरीसुद्धा कुजबुजतच बोलतात. "आपलं कसं आहे ताई, आपलं कसं आहे," अशी सुरुवात ते करतात आणि पुढचं कुणालाच ऐकू येत नाही. दोघांनी बोटांची भाषा काढली होती. दोन बोटं म्हणजे चहा. मूठ म्हणजे मॅडम आल्या.

घरी मात्र दार उघडलं की धबधबा. जेवताना तिचा उजवा हात आपोआप चोच व्हायचा, बोटं जुळवून ती मीठ टिपायची.

"हात खाली," आई म्हणायची. "ताटावर चोच नाही."

आणि एका संध्याकाळी ताई आली, चपला काढल्या, आणि काहीच बोलली नाही.

आई स्वयंपाकघरातून हातातल्या पळीसकट बाहेर आली. "काय झालं? ताप आहे का? अगं बोल ना, मला भीती वाटतेय."

"आज त्याला जोडीला दाखवलं," ताई म्हणाली. "मधे कुंपण ठेवून. त्याने ढुंकून बघितलं नाही गं आई. आणि मग पलीकडच्या रस्त्याने झाडूवाला चालला होता, तर हे त्याच्यामागे शिट्ट्या मारत धावत सुटलं! तो थांबला की हे थांबतं, तो चालला की हे चालतं. मॅडमनी माझ्याकडे बघून फक्त असं केलं." तिने बोटं उघडमीट केली. बोललीस? "आणि मी जाळीआडून नुसती मान हलवतेय, नाही, नाही. पिल्लू समोर, तोंड उघडता येत नाही. मला एक शब्द बोलता आला नाही, आई! माझ्या स्वतःच्या बाजूने!"

आणि ती रडायला लागली. बाबांना काय करावं कळेना, त्यांनी पंखा मोठा केला.

"पण तू खरंच बोलली नाहीस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाबा!"

"नाही, मी आपलं विचारलं."

"तो झाडूवाला तरी काही म्हणाला का?" आई म्हणाली.

"तो कशाला बोलेल? तो आपला गमबूट घालून असा चालला होता." ताई उठली. आमच्या घरात कुणाची गोष्ट सांगायची तर ती करूनच दाखवतात, बसून सांगणं आम्हाला जमत नाही. तिने दारातले बाबांचे गमबूट पायात घातले, खांदे पाडले, हातात नसलेला झाडू धरला आणि हॉलभर चालली. फतक्, फतक्, फतक्.

"अगं, फरशी!" आई ओरडली.

ताई थांबली. पायांकडे बघितलं. पुन्हा चालली. फतक्, फतक्.

"मी पण अशीच चालते," ती म्हणाली.

तिथल्या स्टोअरमध्ये लहान मापाचे गमबूट नव्हतेच. ताईला मिळालेले बूट एखाद्या पैलवानाचे असावेत. पुढे कागद कोंबूनही ते टाचेला सुटायचे आणि प्रत्येक पावलाला वाजायचे. पिल्लाने तिचं तोंड पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. जेवण यायच्या आधी रोज येत होतं ते हे फतक् फतक्.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना नुसतं चालून दाखवलं. बूट घालून, आडोशाच्या मागे: पिल्लू मान उंचावून धावत आलं. बूट काढून, मोजे घालून: पिल्लू आपलं किडे शोधतंय. मग खोलीत जाऊन दार लावल्यावर ताई जे बोलली ते थांबवायला काकांनी मूठ दाखवली, तरी ती थांबली नाही, कारण मॅडम समोरच बसल्या होत्या.

सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, "तोंडाचा नियम केला. पायांचा नाही. चूक माझी."

"मॅडम, तुम्ही आत्ता अख्खं वाक्य—"

"पुरे."

त्या दिवसापासून पिल्लाच्या विभागात सगळे मोजे घालून वावरू लागले. बूट वाजले तर फक्त तळ्याच्या बाजूने, जोडी उभी असायची तिथल्या वेताच्या भिंतीमागून. ताई तिथे उन्हात उभी राहून जागच्या जागी पाय आपटायची. पिल्लू त्या आवाजाकडे कुंपणापर्यंत यायचं, जोडी बघायला पुढे यायची. रोज बूट थोडे कमी वाजवायचे. मग कुंपण काढलं. मादीने पहिल्याच दिवशी त्याला टोचून हाकललं, तेव्हा ताईने घरी मादीला उद्देशून जे शब्द वापरले ते आईने मला ऐकू दिले नाहीत. पण पुढच्या काही दिवसांत मादी किडा चोचीत धरून उभी राहू लागली, खाली टाकू लागली, आणि पिल्लू तो उचलू लागलं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी घरच्यांपैकी एकाला यायची परवानगी दिली. आई म्हणाली, मला गप्प राहणं जमणार नाही, तू जा. आडोशाच्या फटीला डोळा लावून मी काकांशेजारी उभी राहिले. तळ्याच्या काठाला जोडी, मधे पिल्लू, पाय नुसते काड्या. मॅडमनी ताईच्या हातात बूट दिले आणि रस्त्याकडे बोट केलं. चाल. या आवाजामागे पिल्लू गेलं, तर ते तळ्यावर राहणार नाही.

ताईने झगा सारखा केला, बूट घातले आणि पाठ फिरवून चालू लागली. फतक्, फतक्. मागे वळून बघायचं नव्हतं. तिचे खांदे कानांपर्यंत वर आले होते.

पिल्लाने मान उचलली. काकांनी माझं मनगट धरलं. पिल्लाने त्या दिशेने एक पाऊल टाकलं, दुसऱ्यासाठी पाय उचलला आणि तसाच हवेत ठेवला. मादी घशातून गुरगुरल्यासारखं काहीतरी बोलली. पिल्लाने पाय खाली ठेवला, वळलं, आणि तिच्या पोटाखालच्या सावलीत जाऊन उभं राहिलं. ताई चालतच होती. वळणाआड गेली तरी बूट ऐकू येत होते.

मी मोज्यांवर धावत तिला गाठलं. ती भिंतीला टेकून बसली होती, जाळी डोक्यावर सरकवलेली, चेहरा घामाने डबडबलेला.

"आलं का?"

"नाही."

तिने डोळे मिटले. "नक्की? मादीकडे गेलं?"

"पोटाखाली शिरलं. काका रडतायत. मॅडम म्हणाल्या, 'छान.'"

ताई हसली, नाक पुसलं, बुटातून पाय ओढून काढले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, इतक्या हळू आवाजात की काकांनाच शोभावा, तिने विचारलं, "एकसुद्धा पाऊल नाही टाकलं?"

"एक टाकलं," मी म्हणाले.

"टाकलं ना?"

"हो. दुसऱ्यासाठी पाय उचलला होता."

"बरं," ताई म्हणाली, आणि बसस्टॉपपर्यंत आणखी काही बोलली नाही.