ब्रशकाकूंची निळी बादली

तान्ह्या बाळाचं दूध तपासावं तसं ब्रशकाकू पाण्याला आधी मनगट लावून बघायच्या आणि मगच त्यात ब्रश बुडवायच्या. कुवेतच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी अंगावर घेववत नाही इतकं कढत असतं. म्हणून काकू ते आदल्या दिवशीच एका निळ्या बादलीत भरून निववत ठेवायच्या. या बादलीला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरातला पहिला नियम. दुसरा, ब्रशात शाईचा अंशही राहता कामा नये.

काकांच्या नोकरीमुळे त्या काही वर्षं ओसाकाला राहिल्या आणि तिथे जपानी सुलेखन शिकल्या. कुवेतमधल्या अबू हलीफा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी सकाळी आम्ही चौघी-पाचजणी शिकायला जायचो. बाटलीतली तयार शाई त्यांना खपत नसे. शाईची काळी वडी दगडी दौतीवर थेंबथेंब पाण्यात उगाळायची, चंदन उगाळतात तशी, आणि तोंड बंद ठेवायचं. कुणी घड्याळाकडे बघितलं की म्हणायच्या, "घाई असेल तर बॉलपेन घ्या."

त्यांचा राग आम्हाला ठाऊक होता. आमच्यातल्या, बँकेत काम करणाऱ्या पल्लवीने एकदा ब्रश थेट नळाखाली धरला. केस ज्या डिंकाने बांबूत बसवलेले असतात तो गरम पाण्याने सुटतो. काकूंनी शांतपणे तिची पिशवी भरून तिच्या हातात दिली आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. ती परत आलीच नाही.

मग काकांची नोकरी सुटली. गाशा गुंडाळायला थोडेच आठवडे उरले. आयुष्यभर हिशेब तपासलेला तो माणूस दिवसभर घरात नुसता फिरायचा, कुठे काही मदत करता येते का ते बघत. काकू म्हणायच्या, "राहू द्या, मी करते." ते मुकाट्याने दुसऱ्या खोलीत जायचे. मला त्यांची फार दया यायची.

जाण्याआधी हवल्लीतल्या एका सभागृहात काकू लोकांसमोर एक मोठं अक्षर लिहिणार होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यासाठी ओसाकाच्या बाईंनी निरोप देताना दिलेला, मनगटाएवढा जाड, बकरीच्या केसांचा ब्रश बाहेर निघाला होता. असा दुसरा ब्रश कुवेतमध्ये मिळणं शक्य नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सामान न्यायला मी गेले. सराव संपवून काकू कागद गुंडाळत होत्या. तेवढ्यात काका बाथरूममधून बाहेर आले. एका हातात नुसता बांबू, दुसऱ्या हातात ओल्या केसांचा झुबका.

मी काकूंच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं नाही.

"शाई राहू नये म्हणून मुळापासून चोळत होतो," काका म्हणाले. "नळाखाली."

"बादली भरलेली होती ना?"

"बादलीला हात लावायचा नाही, म्हणाली होतीस."

काकूंनी कागद खाली ठेवला. पल्लवीची पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली. आता या माणसाला काय काय ऐकावं लागणार होतं कोण जाणे. काकूंनी तो झुबका काढून घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हात दाखवा."

तळवा लालबुंद झाला होता. बोटांवर फोड धरू लागले होते. शाईचा शेवटचा अंश निघेपर्यंत त्यांनी हात त्या कढत पाण्याखालून काढला नव्हता.

काकू त्यांना दंडाला धरून बाथरूममध्ये घेऊन गेल्या. निळ्या बादलीशी त्यांना स्टुलावर बसवलं आणि हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला. स्वतः शेजारी ओल्या फरशीवर बसल्या. किती तरी वेळ दोघंही तिथून उठली नाहीत. काकू रडत होत्या, काका त्यांना उगी उगी म्हणत होते.

संध्याकाळी त्या भल्यामोठ्या कागदाच्या मधोमध काकूंनी लहान ब्रशाने मुठीएवढं अक्षर लिहिलं. लोकांना वाटलं, असंच असतं. कागदाला आजवर त्यांनी कुणाला शिवू दिलं नव्हतं. त्या दिवशी एक कोपरा काकांनी पट्टी बांधलेल्या हाताने दाबून धरला होता.

जाताना दगडी दौत मला मिळेल, अशी माझी आशा होती. काकूंनी बादली दिली. माझ्या घरात ब्रश नावाला दोनच आहेत आणि तेही हल्ली कोरडेच असतात. बादली मात्र मे महिना लागला की मी रोज भरून ठेवते आणि घरातल्या प्रत्येकाला सांगते, हिला खुशाल हात लावायचा.